नवऱ्याला सांगितलं ‘गुंतवणूक आहे’, आता तो म्हणतो विकूया

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी तेहतीस वर्षांची, पुण्यात राहते, नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, घरात एक लहान मुलगी. कॉलेजात असताना हिने डेक्कनच्या फुटपाथवरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या सिरीजची सेकंडहँड पुस्तकं घेऊन वाचली आणि तेव्हापासून वेड लागलं ते लागलंच. २०१९ मध्ये लंडनच्या फोलिओ सोसायटी या प्रकाशकाने पहिल्या भागाची डीलक्स आवृत्ती काढली, दोन खंड एका स्लिपकेसमध्ये, म्हणजे पुस्तकं सरकवून ठेवायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, ती हिने त्या वर्षीच्या बोनसमधून मागवली. मग दुसरा भाग, मग तिसरा. चौथा बाळंतपणाच्या गडबडीत राहिला. पाचवा घेतला पण तो अजून प्लास्टिकमध्येच आहे. कुरियर आणि ड्युटी धरून आत्तापर्यंत पंच्याहत्तर हजारांच्या आसपास गेलेत. नवऱ्याने किंमत विचारली तेव्हा हिने ठोकून दिलं की अरे यांची किंमत वाढत जाते, गुंतवणूक आहे ही. आता पासष्ट लाखांचा फ्लॅट बघितलाय, डाउन पेमेंटला चार लाख कमी पडतायत, आणि नवरा अगदी सरळ मनाने म्हणाला, “मग ती पुस्तकं काढूया ना विकायला, आता नाही तर कधी?” हिला विकवत नाहीये, खोटं बोलले होते हे सांगवत नाहीये, आणि वर एक विक्रेता राहिलेला चौथा भाग दुप्पट किमतीला देतोय, तो घेतला तर सेट पूर्ण होऊन सगळ्याला जास्त भाव येईल असंही डोक्यात आलंय. “ताई, काय करू?”

अगं, पत्र वाचता वाचता मला हसू आलं, राग मानू नकोस. स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडलीयेस आणि ते तुलाही कळतंय, पत्रात दोनदा तसं लिहिलंयस. पण आधी एक गोष्ट तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलू दे. तू त्याच्याबद्दल जरा चिडून लिहिलंयस, “त्याला माझ्या आवडीची किंमतच नाही” वगैरे. त्याला ती आवड आहे हे कधी सांगितलंस का? तू त्याला सांगितलंस गुंतवणूक, त्याने ते खरं मानलं, आणि गुंतवणूक असतेच गरजेला मोडायला. आपण एफडी मोडतो, आईच्या पाटल्या बँकेत ठेवतो, तशी त्याला ही पुस्तकं दिसली. उलट बिचाऱ्याने इतकी वर्षं एकदाही ‘काय हे पैसे उडवतेस’ म्हटलं नाही, ते तुझ्या शब्दावर विश्वास ठेवूनच ना.

आता पैशांचं, कारण ते सोपंय आणि एकदा ते बाजूला झालं की उरलेलं नीट दिसेल.

यांची किंमत वाढते हे तू नवऱ्याला सांगितलंस, आणि मला वाटतं सांगता सांगता स्वतःलाही पटवलंस. वाढते का? काहींची वाढते. पण का वाढते ते बघ. जुन्या पुस्तकाला भाव येतो तो बाकीच्यांनी आपापली प्रत फाडली, हरवली, रद्दीत घातली म्हणून. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ पहिल्यांदा आलं १९९६ मध्ये, तेव्हा पुढे काय होणारे ते कोणाला माहीत होतं, लोकांनी ते ट्रेनमध्ये वाचलं, पोटावर उपडं ठेवून झोपले, मित्राला दिलं ते परत आलं नाही, लायब्ररीने शिक्के मारले. म्हणून आज त्या पहिल्या छपाईची स्वच्छ हार्डबाउंड प्रत कोणाकडे निघाली तर संग्राहक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. तुझी डीलक्स आवृत्ती आली २०१९ मध्ये, त्याच वर्षी मे महिन्यात टीव्हीवरची मालिका संपली होती, तोवर शेजारच्या आजोबांनाही ड्रॅगन माहीत झालेले. ती ज्याने ज्याने घेतली त्याने पहिल्या दिवसापासून हात धुवून, फडक्यात धरून जपलीये. जी वस्तू सगळेच जपतात ती दुर्मिळ कशी होणार?

शिवाय ‘डीलक्स’ आणि ‘लिमिटेड’ यात फरक असतो, तो तू पत्रात कुठे केलेला नाहीस आणि बरेच जण करत नाहीत. लिमिटेड म्हणजे आतल्या एका पानावर ‘इतक्यांपैकी इतक्या नंबरची प्रत’ असं लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा लेखकाची किंवा चित्रकाराची सही असते, आणि तेवढ्या प्रती संपल्या की विषय संपला. नुसती डीलक्स असेल, म्हणजे कापडी बांधणी, आत रंगीत चित्रं, भारी कागद, स्लिपकेस, सगळं असेल पण नंबर नसेल, तर मागणी आली की प्रकाशक पुन्हा छापू शकतो. याच फोलिओ सोसायटीने १९७७ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ काढलं, त्यातली चित्रं इंगाहिल्ड ग्राथमर या नावाने छापलीत, आणि हे टोपणनाव कोणाचं माहितीये का, डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणीचं, दुसऱ्या मार्गरेटचं! गादीवर बसायच्या आधी, राजकन्या असतानाच ती त्या गोष्टीतले बुटके हॉबिट काढत होती (मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून मध्येच घुसवली), एरिक फ्रेझर नावाच्या इंग्रज चित्रकाराने तिची चित्रं छपाईसाठी नव्याने रेखाटली. आता राणीच्या हातची चित्रं म्हटल्यावर वाटेल सोन्याच्या भावाने जात असेल. पण ती आवृत्ती नंतर पुन्हा पुन्हा छापली गेली, त्यामुळे इंग्लंडच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती काही शोधत फिरायला लागत नाही. तर आज घरी गेल्यावर तुझ्या पुस्तकांच्या आत नंबर आहे का ते बघ. नसेल तर ‘किंमत वाढते’ हे वाक्य सोडून दे, नवऱ्यासमोरही आणि मनातही.

आणि समज वाढली किंमत, तरी ती हातात येते का? गिऱ्हाईक बहुतेक परदेशात. दोन जाड खंड आणि केस, असा एकेक सेट घरच्या काट्यावर ठेवून वजन बघ आणि मग कुरियरवाल्याला लंडन-अमेरिकेचा रेट विचार, तोंडचं पाणी पळेल. वेबसाइटचं कमिशन जाणार. वाटेत एक कोपरा दबला की घेणारा फोटो पाठवून पैसे परत मागणार. आणि तू घेतानाच जे वर दिलंयस ते कोणी भरून देत नाही, लंडनहून इथवरचं भाडं, कुरियर कंपनीचे हँडलिंगचे पैसे, वर कस्टम ड्युटी, जी आयात पुस्तकांवर २०१९ च्याच बजेटमध्ये ५ टक्के बसली, म्हणजे तू संग्रह सुरू करायला आणि सरकारने ड्युटी लावायला एकच वर्ष निवडलं. इथल्या इथे विकायचं तर वजनाचा प्रश्न सुटतो पण घेणारे मोजके आणि ते घासाघीस करणार. माझा अंदाज, चारही सेट विकून तुझ्या पंच्याहत्तर हजारांतले निम्मे-पाऊण हातात आले तरी देवाला नारळ फोड. तेही सावकाश विकलं तर. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही हे तर मंडईतसुद्धा दिसतं, संध्याकाळची कोथिंबीर बघ.

म्हणजे पुस्तकं विकून चार लाखांचा खड्डा काही भरत नाही, त्याच्या तळाला जरा माती पडते इतकंच. हे नवऱ्याला आकड्यात दाखव. आणि त्याच बैठकीत अजून एक आकडा दाखव, जो तुमच्या दोघांच्याही लक्षात आलेला दिसत नाही. महाराष्ट्रात राहायचं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. पासष्ट लाखांवर झाले पासष्ट हजार. तुझ्या सगळ्या स्लिपकेसेस विकूनही एवढे येणार नाहीत! दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही, आणि तुमचं लोन जॉइंट असणार तर बँक काय म्हणते, नाव एकाच्याच ठेवणं तुम्हा दोघांना चालतं का, हे वकिलाला आणि बँकेला विचारूनच ठरवा, मी काही त्यातली तज्ज्ञ नाही. पण विचारायला तर हरकत नाही ना.

आता चौथा भाग. हा मुद्दा मला पैशांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे तू फसशील असं दिसतंय.

आमच्या घरी सहा कपबश्यांचा एक सेट होता, निळ्या फुलांचा, आईच्या लग्नातला. एक कप फुटला. झालं, उरलेले पाच माळ्यावर गेले, ‘सेट फुटला’ म्हणून. आम्ही घरात चौघंच होतो! पाच कप चौघांना पुरून उरले असते, पण नाही, पुढची पंधरा वर्षं आम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलो आणि ते पाच निळे कप वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. आई गेल्यावर मी ते खाली काढले, त्यातले दोन अजून वापरते. तू तुझ्या शेल्फवरच्या मोकळ्या जागेबद्दल जे लिहिलंयस ना, “तिसरा आणि पाचवा शेजारी बघितले की दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं”, ते वाचल्यावर मला पहिल्यांदा ते कप आठवले.

‘सेट पूर्ण’ म्हणजे काय गं पण? या सिरीजचा पूर्ण सेट जगात कोणाकडेच नाहीये. पाचवा भाग आला २०११ मध्ये, सहावा ‘द विंड्स ऑफ विंटर’ अजून लिहून झालेला नाही, त्यानंतर सातवा यायचाय. खुद्द लेखकाच्या, मार्टिनसाहेबांच्या घरी पूर्ण सेट नाही आणि तू कर्जाच्या तोंडावर दुप्पट पैसे देऊन तो पूर्ण करायला निघालीस. बरं, चौथाच भाग का राहिला याची गंमत बघ, ‘अ फीस्ट फॉर क्रोज’ हा तोच भाग आहे ज्यात अर्धी माणसं गायब आहेत, गोष्ट फार लांबली म्हणून लेखकाने पात्रं वाटून टाकली आणि टिरियन, डेनेरिस पाचव्यात गेले, जॉन नुसता डोकावून जातो. तू कॉलेजात तो वाचताना वैतागली होतीस असं तूच लिहिलंयस. म्हणजे जो भाग वाचताना कंटाळा आला, तो केवळ मधे फट दिसते म्हणून दुप्पट भावाने?

नको घेऊस. तो विक्रेता ‘शेवटची प्रत आहे’ म्हणत असेल, तो पुढच्या महिन्यातही तेच म्हणेल. मागणी असलेले भाग पुन्हा छापले जाऊ शकतात, घर होऊ दे, हप्ते सुरळीत होऊ देत, मग दोन वर्षांनी बघ त्या फटीचा तेवढाच त्रास होतो का. आणि जास्त भावाने विकता यावं म्हणून आधी जास्त भावाने विकत घ्यायचं, हा हिशोब एकदा मोठ्याने बोलून बघ, तुलाच हसू येईल.

हे तुला एकटीला नाही लिहीत. मागे एका काकांचं पत्र होतं, फाउंटन पेनांचं, एका कंपनीचे सगळे रंग पाहिजेत म्हणून ज्या रंगाचा तिटकारा तोही घेतलेला. एका मुलाचं शूजचं होतं, डबेच्या डबे, पाय एकच जोडी. सगळ्यांच्या पत्रात एक गोष्ट सारखी असते, सुरुवातीच्या वस्तूंबद्दल भरभरून लिहितात आणि शेवटच्या वस्तूंबद्दल फक्त किंमत. तुझंच पत्र काढून बघ. पहिल्या सेटबद्दल तू एक अख्खा परिच्छेद लिहिलायस, तो आला तेव्हा पाऊस होता, खोका पुसून घेतलास, खंड परत आत सरकवताना केसमधली हवा हळूच फुस्स करून बाहेर येते तो आवाज तुला आवडतो, आतली, जोनाथन बर्टन या चित्रकाराची चित्रं मुलीला दाखवतेस आणि ती प्रत्येक लांडग्याला ‘भूभू’ म्हणते. तिसऱ्याबद्दल, लग्नातल्या कत्तलीच्या प्रसंगाचं पान अजून उघडवत नाही असं लिहिलंयस, मलाही ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्याबद्दल अर्धी ओळ. आणि पाचवा? “पाचवा किती रुपयांना पडला ते सांगत नाही.” बस. तो अजून प्लास्टिकमधून बाहेर काढायची तुला इच्छा झालेली नाहीये आणि मुलगी आता शाळेत जायला लागली.

तर माझं मत विचारशील तर, सेट फोड. संग्राहकांच्या दृष्टीने मी आत्ता महापाप सांगतेय याची मला कल्पना आहे. पाचवा न उघडलेला आहे, म्हणजे चौघांत तोच सगळ्यात पटकन आणि बऱ्या भावाने जाईल, तो काढ. दुसरा द्यायचा की नाही ते तुझं तू बघ. पहिला आणि तिसरा ठेव, त्यांच्यावर कोणी हात टाकला तर सरळ नाही म्हण. अर्धा सेट ठेवण्यात काही कमीपणा नाही, अर्धाच काय, एकच ठेवलास तरी तो तुझाच. दुसरा रस्ता आहे, काहीच न विकण्याचा, तोही चूक नाही, घराच्या हिशोबात फार फरक पडत नाही हे आपण बघितलंच. पण मग नवऱ्याला खरं सांगून न विकण्याचा. ‘अजून भाव वाढतोय, थांबूया’ असं सांगून नाही. तसं सांगितलंस तर दर दिवाळीला तो विचारेल, भाव कुठवर आला.

आणि सांगायला एवढं अवघड का वाटतंय तुला? मी तुझ्या जागी बसून विचार केला तर मला वाटतं खोटं पकडलं जाण्याची भीती थोडी आहे पण लाज जास्त आहे, की मी एवढे पैसे नुसते आवडतात म्हणून घातले. आपल्याकडे ही सवय घराघरात आहे, आवडीचं काही घेतलं की त्याला कारण चिकटवायचं. साडी घेतली तर ‘सेल होता’, कॅमेरा घेतला तर ‘पोरांचे फोटो निघतील’. तुमच्या घरात टीव्ही केवढा आहे मला माहीत नाही, पण तो आणला तेव्हा कोणी रिसेल व्हॅल्यू काढली होती का? तू कमावतेस, कर्ज करून घेतलेली नाहीयेत, घरखर्चातून चोरून घेतलेली नाहीयेत. आवडली म्हणून घेतली, एवढं कारण पुरतं. चुकलं ते घेणं नाही गं, ते ‘गुंतवणूक’ चुकलं, कारण नवऱ्याने घराचा हिशोब मांडताना तुझे ते पैसे धरले होते, आणि ते तिथे नाहीयेत. तेवढ्याची माफी माग, तेवढ्याचीच. पुस्तकांची नको मागूस.

कधी सांगायचं, तर बिल्डरच्या ऑफिसात नाही आणि सासू-सासऱ्यांसमोर तर मुळीच नाही. मुलगी झोपल्यावर, चहा करून, पहिला सेट समोर ठेवून. “मी तुला ही गुंतवणूक म्हणून सांगितलं होतं, ते खरं नव्हतं, मला आवडतात म्हणून घेतली आणि तसं म्हणायची लाज वाटली.” इतकं बोलायचं आणि थांबायचं, पुढची फोडणी घालत बसायची नाही. तो कदाचित चिडेल, कदाचित म्हणेल मला माहीतच होतं. (नवऱ्यांना बऱ्याचदा माहीत असतं, बोलत नाहीत.) मग पाचवा काढायचा तुझा प्रस्ताव, स्टॅम्प ड्युटीचं, आणि खरे आकडे. आणि जमलं तर त्याला एक खंड हातात दे, चित्रं बघू दे. पत्रात कुठेही असं दिसलं नाही की त्याने ती पुस्तकं कधी उघडून बघितलीयेत, किंवा तू त्याला दाखवलीयेस.

पाचवा विकायचा ठरला तर प्लास्टिक काढू नकोस आणि लवकर विक, पावसाळ्यात बंद प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडून बसते, कपाट भिंतीला लागून असेल तर जास्तच. नाही विकायचा ठरला तर आजच फाड ते प्लास्टिक आणि वाच. कपाटात डांबरगोळ्या टाकल्यायस म्हणतेस, त्या पुस्तकाला चिकटून ठेवू नकोस, कसर होऊ नये म्हणून अधूनमधून बाहेर काढून पानं चाळणं त्यापेक्षा बरं. केसमधून काढताना वरून बोट घालून ओढायचं नाही, केस तिरकी करून खंड हातात घसरू द्यायचा.

आणि पहिला सेट तू खिडकीशेजारच्या शेल्फवर ठेवलायस असं लिहिलंयस. स्लिपकेस पुस्तकाला पाच बाजूंनी झाकते पण कणा उघडाच राहतो, ऊन बरोबर त्याच्यावर येतं. एक खंड बाहेर काढून कण्याचा रंग आणि पुठ्ठ्याचा रंग शेजारी धरून बघ, फरक पडायला लागला असेल तर लगेच दिसेल. तो तेवढा आजच आतल्या भिंतीकडे हलव, नवऱ्याशी उद्या बोललीस तरी चालेल.